पहिल्या शेजाऱ्याचा सांगावा

"मी हातावर मारलं नव्हतं, सीटवर मारलं होतं, हात तिथं होता."

एव्हर्ट कोल्टहोफ हे वाक्य आयुष्यात एकदाच बोलला. एकोणीसशे सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत, युद्धकैदेतून सुटून आल्याच्या तिसऱ्या दिवशी, समोरच्या घरातल्या हिले आर्निंक म्हातारीच्या चुलीपाशी बसून. म्हातारीने ऐकून घेतलं. मग खाली वाकली, उजव्या पायातला लाकडी बूट काढला आणि त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, पुढचा एक दात पडला. एव्हर्टने हात वर केला नाही. राखेत चाचपून दात शोधला, खिशात टाकला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या उंबऱ्यावर झाकलेली ताटली होती. आत चरबीत भाजलेली कुट्टूच्या पिठाची धिरडी, अजून गरम. म्हातारीने मारायचं ते मारलं होतं आणि शेजाऱ्याला द्यायचं ते दिलं होतं. एकाने दुसरं फिटत नव्हतं.

ब्रोकहारमध्ये नातेवाईक रक्ताने ठरतात आणि शेजारी पावलांनी. सरहद्दीच्या अलीकडचं, जर्मन बाजूचं हे पंधरा घरांचं गाव. ज्याच्या दारापासून तुमचं दार सगळ्यांत कमी पावलांवर, तो तुमचा पहिला शेजारी. तो तुम्हाला आवडतो की नाही हे कोणी विचारत नाही. बाळंतपणाला सुईण तो आणतो. गाय अडली की बाही सरसावून तो येतो. आणि घरात माणूस गेलं की घरच्यांनी नुसतं बसायचं. डोळे मिटणं, घड्याळ थांबवणं, अंघोळ, पेटी, पेटीला डोक्याकडून खांदा, सगळं पहिल्या शेजाऱ्याचं. सांगावाही त्याचाच. रविवारचा काळा कोट चढवायचा, मग वार कुठलाही असो, आणि स्वतः जाऊन तोंडाने सांगायचं. मेलेल्याची बातमी सगळ्यांत आधी त्याच्या रक्ताच्या माणसाच्या कानात पडली पाहिजे. वाटेत कोणी विचारलं तर गप्प राहायचं. जावयाला सांगायचं नाही, सुनेला नाही, पाद्र्यालाही नाही. दुसऱ्याच्या कानात आधी पडलेला सांगावा बाटतो, आणि बाटलेल्या सांगाव्यावर झालेली माती ब्रोकहारची माणसं माती धरत नाहीत.

एव्हर्टची आई तो तीन वर्षांचा असताना गेली. बाप दलदलीत जळणाची काळी माती कापायचा आणि घरी आला की हातानेच बोलायचा. मार फार झाला की पोर समोरच्या घरात पळायचं. हिले काही समजूत काढायची नाही, नुसती पाव कापून पुढे ठेवायची. तिची मुलगी फेना त्याच्याहून चार वर्षांनी लहान. ती टेबलाखाली बसून त्याच्या नडगीवर लाथा मारायची, म्हणजे त्याने रडायचं थांबवावं. पुढे एव्हर्ट नॉर्डहोर्नच्या कापडगिरणीत माग दुरुस्त करायला लागला. त्याने लग्न केलं नाही. फेनाचं पस्तीस साली सरहद्दीपलीकडे हॉलंडात, आस्पेलो गावच्या ग्राडुस ओव्हरबेकशी झालं, तेव्हा नवरीची गाडी पहिल्या शेजाऱ्यानेच हाकली. सरहद्द म्हणजे तेव्हा एक चर आणि एक रंगवलेला दांडा. पलीकडे बोली तीच, धिरडी तीच, मातीही तीच. सायकली मात्र पलीकडे जास्त होत्या, आणि त्यांना वाट वेगळी होती. हिलेने मुलीला आंदण म्हणून सायकलच दिली होती. गाडीत ती फेनाच्या शेजारी उभी करून बांधली होती, जणू तीही नवरी.

चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात एव्हर्ट चौतीस वर्षांचा शिपाई होता, आणि हॉलंड जर्मन फौजेच्या ताब्यात. तिकडची बोली येते म्हणून त्याला लांब पाठवलं नाही, सरहद्दीवरच्या तुकडीत ठेवलं. हुकूम आला सायकलींचा. ऐंशी सायकली जप्त करून आणायच्या. रविवारी उपासना चालू असताना तुकडी आस्पेलोच्या चर्चपाशी जाऊन उभी राहिली. भिंतीला सायकली गोठ्यातल्या गाईंसारख्या ओळीने टेकलेल्या. माणसं बाहेर आली, पाहिलं आणि बाजूला झाली. एकोणऐंशी झाल्या. शेवटच्या सायकलीची सीट ग्राडुसने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"एव्हर्ट? अरे, तू? सांग की यांना, ही फेनाची आहे. हिलेमावशीने दिलेली. तूच नाही का गाडीत बांधलीस?"

अधिकारी दक्षिणेकडचा होता. बोली त्याला कळली नाही, नाव मात्र कळलं. "हा तुला ओळखतो?"

"नाही," एव्हर्ट म्हणाला, आणि बंदुकीचा दस्ता उचलला.

पहिल्या घावालाच सायकल सुटली होती. पुढचे दोन कशासाठी, हे त्याला कोणी कधी विचारलं नाही. ग्राडुसच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं दस्ता आणि सीटची लोखंडी कड यांच्यामध्ये चिरडली. फेना चर्चच्या पायरीवर होती. ती किंचाळली नाही. तिने खाली उतरून नवऱ्याचा हात एप्रनमध्ये गुंडाळला आणि एव्हर्टकडे पाहिलं, लहानपणी टेबलाखालून बघायची तसंच, सरळ.

त्यानंतर ती माहेरी आली नाही. आधी सरहद्द बंद होती, मग ग्राडुसने बंद केली, आणि मग दोन्ही उघडल्यावरही ती आली नाही. आईच्या दाराशी जायचं म्हणजे एव्हर्टच्या दारावरून जायचं, दुसरी वाट नव्हती. हिलेने सात वर्षं मुलीचं तोंड पाहिलं नाही. तिने एव्हर्टला तसं कधी बोलून दाखवलं नाही. धिरडी पाठवत राहिली.

एक्कावन्नच्या नोव्हेंबरात म्हातारी अंथरुणाला लागली. रविवारी दुपारी तिने एव्हर्टला जवळ बसवलं.

"फेनाकडे कोण जाणार?"

"कोण म्हणजे? मी."

"ग्राडुस जीव घेईल तुझा."

"घेऊ दे."

"घेऊ दे म्हणे! जीव मग दे. आधी सांगून घे." ती खोकली. खोकला संपल्यावर म्हणाली, "ती यायला पाहिजे रे. मला खड्ड्यात परक्यांनी सोडलेलं चालायचं नाही. ती यायला पाहिजे."

सोमवारी पहाटे ती गेली. एव्हर्टने डोळे मिटले, घड्याळ थांबवलं, अंघोळीला बायका बोलावल्या. आठ वाजता काळा कोट घालून सायकलीत हवा भरायला लागला, तेव्हा दुसरा शेजारी स्टेव्हन कुंपणापाशी आला. बुटका, गोल माणूस, बोलताना सतत नाक पुसायचा.

"मी जातो की. माझी बायको तिकडची आहे, मला कोणी काही करणार नाही."

"तू दुसरा शेजारी आहेस."

"अरे, मेलेलीला काय कळतंय कोण गेलं ते?"

"फेनाला कळेल. दुसऱ्याला पाठवलं म्हणजे घाबरला म्हणेल."

"मग घाबर की लेका! घाबरायला काय झालं?" स्टेव्हनने नाक पुसलं. "तुझी माती करायला मला वेळ नाही या आठवड्यात, सांगून ठेवतो."

एव्हर्ट सायकलीवर बसला. आस्पेलो तेवीस किलोमीटर.

जर्मन चौकीवरच्या म्हाताऱ्या शिपायाने सोमवारी काळा कोट पाहिला, टोपी काढली आणि दांडा वर केला. तो इथलाच होता. शंभर पावलं पुढे हॉलंडची चौकी, आणि तिथला पोरगेला शिपाई समुद्राकाठचा. इकडे येऊन त्याला दोन महिने झाले होते. त्याने पास उलटा-सुलटा करून पाहिला.

"कुठे?"

"आस्पेलो."

"कोणाकडे?"

"फेना ओव्हरबेक. बाई आहे."

"बाई असते हे मला माहीत आहे. काम काय?"

"तिलाच सांगायचं आहे."

"मला सांग. मी सरकार आहे."

शिपायाने त्याला कोट काढायला लावला, अस्तर चाकूने उसवलं, खिसे उलटे केले, काही सापडलं नाही म्हणून जास्तच चिडला. "काम सांगता येत नाही, काळा कोट घालतो, परक्या बाईकडे जातो. लग्नाला चाललास का रे म्हाताऱ्या?" म्हणून त्याने बंदुकीची नळी त्याच्या पोटात खुपसली. एव्हर्ट वाकला. दुसऱ्यांदा खुपसली तेव्हा गुडघ्यावर बसला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी जे होतं ते रस्त्यावर पडलं. पास खरा होता. अडवायला कारण नव्हतं. शिपायाने दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह काढून हवा सोडली आणि ते रस्त्याकडेच्या चरात फेकले.

"ही तिकडची हवा. इथे इथली भर."

एव्हर्टने चरातल्या चिखलात हात घालून दोन्ही व्हॉल्व्ह शोधले, कोटाला पुसले आणि हवा भरली. उसवलेलं अस्तर कोटाच्या खाली लोंबत होतं. तसाच निघाला.

पलीकडे सायकलींची वाट रस्त्याच्या कडेने वेगळी जाते, राख टाकून दाबलेली, दोन्हीकडे बर्चची झाडं. चाक तिच्यावर आवाजही करत नाही. समोरून सुईण आली, एका हाताने टोपी धरलेला पाद्री आला, पुढे-मागे दोन पोरं आणि हँडलला जिवंत बदक लटकवलेली बाई आली. सगळे मान हलवून गेले; लोंबणारं अस्तर पाहून कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. दहा-बारा किलोमीटर असेच गेले. एव्हर्टच्या पोटातली कळ कमी झाली. तो मनातल्या मनात सांगाव्याचे शब्द जुळवत होता.

मग दूधडेअरीजवळ मागून तिघे आले. कामावरून सुटलेले, लाकडी बूट, निळे सदरे. त्यातला लाल केसांचा थोराड गडी त्याच्या बरोबरीने चालवू लागला आणि खाली बघत राहिला.

"चेनचं कव्हर झकास आहे. मेणकापडाचं."

"हं," एव्हर्ट म्हणाला.

"कुठलं?"

"जुनंच आहे."

ती सायकल एव्हर्टने सत्तेचाळीस साली नॉर्डहोर्नच्या बाजारात बटाट्याची दोन पोती देऊन घेतली होती. तिच्यावर मेणकापडाचं कव्हर होतं, मागच्या चाकाला झगा अडकू नये म्हणून जाळी होती. जर्मनीत अशा सायकली कोणी करत नाही. पण ब्रोकहारमध्ये निम्म्या घरांत तशाच सायकली होत्या. माघार घेताना शिपायांनी चरांत टाकून दिलेल्या, बाजारात विकलेल्या. सहा-सात वर्षं त्यांच्यावर बसून गाव गिरणीत गेलं, चर्चला गेलं. ही तिकडची आहे, हे कोणाच्या मनातसुद्धा येईनासं झालं होतं. एव्हर्टच्याही आलं नाही. जिथून ती ओरबाडून आणली, तिथेच तो तिच्यावर बसून परत आला होता.

"तू कुठला?" लाल केसांच्याने विचारलं.

"ब्रोकहार."

"म्हणजे जर्मन." त्याने मागच्या दोघांना हाक मारली. "अरे ऐकलंत का? बोली आपली, सायकल आपली! याचं स्वतःचं काय आहे ते बघू या."

त्यांनी त्याला थांबवलं. आधी सायकल त्याच्या हातातून घेतली आणि एका बर्चला नीट टेकवून ठेवली, पायडल झाडाच्या सालीला घासणार नाही अशी. त्या मुलखात सायकलीवर कोणी राग काढत नाही. मग त्याला मारायला लागले. पहिला बूट मांडीत बसला, दुसरा कानामागे. एकाने मागून दोन्ही हात धरले, लाल केसांच्याने नाकावर मारलं. आत काहीतरी वाळक्या फांदीसारखं मोडलं आणि तोंडात गरम रक्त उतरलं.

"माझ्या बापाची नेलीत," तो प्रत्येक घावाला म्हणत होता. "माझ्या बहिणीची नेलीत. माझी नेलीत. सात मैल चालत कामावर जायचो मी हिवाळाभर."

"बस कर, मरेल," हात धरणारा म्हणाला.

"एवढ्याने मरत असता तर लढाई लवकर संपली असती." लाल केसांचा हसला, आणि बाकीचे दोघेही हसले. मग त्याला दम लागला. "कोणाकडे चाललास?"

एव्हर्टने तोंडातलं रक्त थुंकलं. घराचं नाव सांगितलं तर पुढचा प्रश्न 'कशाला?' असा येणार होता. लाल केसांच्याने त्याच्या बरगडीत एक लाथ घातली, सायकल घेतली, सीटवरची माती हाताने झटकली आणि तिच्यावर बसून निघून गेला. त्याची स्वतःची दुसऱ्याने हाताने धरून नेली.

उरलेलं अंतर एव्हर्ट चालला. त्या देशात सायकलीच्या वाटेवर चालणारा माणूस एक तर भिकारी असतो नाहीतर वेडा. मागून घंट्या वाजत राहिल्या आणि तो प्रत्येक वेळी गवतात उतरत राहिला. श्वास घेतला की डावीकडे सुरी फिरल्यासारखं होत होतं. एक डोळा मिटला होता. त्याला भीती मरण्याची वाटत नव्हती. फेनाच्या आधी दुसराच कोणी समोर आला तर काय, याची वाटत होती.

आणि तसंच झालं. ओव्हरबेकांच्या आवारात शिरला तेव्हा ग्राडुस गोठ्यासमोर शेणखत ओढत होता. डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी दांड्याभोवती खेकड्याच्या नांगीसारखी आवळलेली. कुत्रं भुंकलं. ग्राडुसने वर पाहिलं.

"कोणी मारलं तुला?"

एव्हर्टने मान हलवली.

"माझ्या आधी कोणी मारलं, विचारतोय मी."

"फेना कुठे आहे?"

ते नाव त्याच्या तोंडून यायला नको होतं. ग्राडुसने खताच्या काट्याचा दांडा उलटा धरून त्याच्या गुडघ्यावर आडवा मारला. एव्हर्ट शेणात पडला. कुत्र्याने पोटरी धरली, ग्राडुसने त्याला हाकललं नाही. दांडा पाठीवर बसला, खांद्यावर बसला, पुन्हा पाठीवर.

"काय मागायला आलास? बोल! माफी? सात वर्षांनी? माग ना. तोंड आहे ना तुला? त्या दिवशी 'नाही' म्हणायला होतं की तोंड! मला ओळखत नाहीस ना तू? मग कोणाच्या घरी आलास रे?"

एका वाक्याचं काम होतं. तुझी सासू गेली, एवढं म्हटलं असतं तर दांडा थांबला असता. ग्राडुस इथलाच, त्याने टोपी काढली असती. काळा कोट एव्हाना शेणाने आणि रक्ताने एका रंगाचा झाला होता, तो काही सांगत नव्हता. एव्हर्टने दात आवळून ते वाक्य आत धरलं. आणि ग्राडुसला त्या गप्पपणात फक्त माज दिसला. त्याने काटा टाकला, गुडघा एव्हर्टच्या छातीवर ठेवला आणि उजव्या हाताने गळा दाबला.

डोळ्यांपुढे काळं होऊ लागलं. आवार, गोठा, कुत्रं, सगळं एका लांब नळीच्या टोकाला गेलं. त्यातून एकच गोष्ट त्याला नीट दिसत होती. ग्राडुसने तोल सांभाळायला डावा हात त्याच्या तोंडाशेजारी जमिनीवर टेकला होता. अंगठा, करंगळी आणि मधले तीन वाकडे खुंट. त्या हातात जोर नाही हे एव्हर्टहून जास्त कोणाला माहीत असणार? त्याने तो हात धरला, खुंट मुठीत घेतले आणि उलटे पिरगळले.

ग्राडुस ओरडला. माणसाचा तसा आवाज एव्हर्टने आयुष्यात दोनदाच ऐकला, दोन्ही वेळा याच माणसाच्या तोंडून. गळा सुटला. ग्राडुस हात पोटाशी धरून शेणात गुडघ्यावर बसला. एव्हर्टने हवा ओढली. मग त्याला कळलं की दारात कोणी उभं आहे.

फेना बादली घेऊन आली होती. केस पांढरे झाले होते, बाकी तीच. तिने काय काय पाहिलं हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. तिने बादली खाली ठेवली. नवऱ्याकडे पाहिलं, मग एव्हर्टकडे, त्याच्या लोंबणाऱ्या अस्तराकडे, मग कोटाकडे.

"ग्राडुस," ती म्हणाली, "आज वार कुठला?"

"काय?" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सोमवार आहे. त्याच्या अंगावर कोट बघ कुठला आहे तो."

एव्हर्ट उठून उभा राहिला. दोनदा पडला, तिसऱ्यांदा राहिला. टोपी कुठे पडली ते दिसेना, म्हणून तसाच बोडक्या डोक्याने म्हणाला, "फेना आर्निंक, तुझी आई हिले आर्निंक आज पहाटे वारली. गुरुवारी अकराला माती आहे. शेजारी तुला बोलावतात."

शब्द ओठांतून बुळबुळीत निघाले, पण सगळे निघाले. ग्राडुसने डोक्यावरची टोपी काढली. ती त्याने आधी डाव्या हाताने काढायला घेतली, जमलं नाही, मग उजव्याने काढली.

"आत चला," फेना म्हणाली. सांगावा आणणाऱ्याला बसवून काहीतरी प्यायला द्यावं लागतं. तिने दिलं. कॉफीचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला, हात धुवायला पाणी दिलं नाही. ग्राडुस भिंतीकडच्या बाकावर बसला, हात ओल्या फडक्यात. एव्हर्टच्या नाकातलं रक्त वाडग्यात ठिबकत होतं. तो तसंच प्यायला, कारण प्यायल्याशिवाय सांगावा पोचत नाही.

"झोपेत गेली?"

"नाही. जागी होती."

"काही म्हणाली?"

"चुलीवर पाणी ठेव म्हणाली. ठेवलं. उकळायच्या आत गेली."

"माझं काही म्हणाली का, ते विचारते मी."

त्याला खोटं बोलता आलं असतं. "काल म्हणाली. ती यायला पाहिजे म्हणाली."

"आणखी?"

"परक्यांनी खड्ड्यात सोडलेलं चालायचं नाही म्हणाली."

फेना बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिली, तिथे नसलेला चुरा गोळा करत.

"खांदा कोण देणार?"

"सहा जण. स्टेव्हन आहे. वार्से आणि त्याचा भाऊ. गिरणीतले दोघे."

"पाच झाले."

"डोक्याकडे मी."

"डोक्याकडे तू," ती म्हणाली. "मी आले तर मी पेटीमागून चालणार. पेटीमागून म्हणजे तुझ्या पाठीमागून. घरापासून खड्ड्यापर्यंत."

एव्हर्टने वाडगा दोन्ही हातांनी धरला.

"मी आत्ता दारात उभी होते एव्हर्ट. तो तुला मारत होता ते पाहिलं. वाटलं, मारू दे, थोडं मारू दे, मग जाते मधे. मी जातच होते." तिचा आवाज चढला नाही. "तेवढ्यात तू त्याचा तोच हात धरलास. तोच. दुसरीकडे कुठे धरलं नाहीस."

"गळा दाबला होता," एव्हर्ट म्हणाला. "सांगायचं राहिलं असतं."

"तुला तेव्हाही काहीतरी पार पाडायचं होतं."

ग्राडुस बाकावरून म्हणाला, "जाऊ दे फेना. आई आहे तुझी. जा तू. मी नाही अडवत."

"तू गप्प बस." ती एव्हर्टकडेच बघत होती. "सांगावा आणलास, रीतीने आणलास, मी ऐकला. इथपर्यंत तू तिचा पहिला शेजारी. इथून पुढे नाहीस. तू पेटीला हात लावायचा नाहीस. अंगणातही उभं राहायचं नाही. तू नसशील तर मी येते. असशील तर तिला परक्यांनीच सोडू दे. जाऊन सांग तिच्या शेजाऱ्यांना."

"हा कुठला ऐकतोय!" ग्राडुस म्हणाला. "खांदा सोडला तर गावात याला कोण विचारणार? बोल रे. हो म्हण, नाही म्हण. आता तरी बोल."

एव्हर्ट वाडग्याकडे बघत होता. पेटीवरून बाजूला केलेल्या माणसाला ब्रोकहारमध्ये पुन्हा कोणी कशाला बोलावत नाही. गाय अडली तरी नाही. त्याच्या दाराची पावलं कोणी मोजत नाही, आणि तो मेला की त्याला नेणारे पगारी असतात. हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचा विचार त्याने करायला घेतलाही. पण मन तिथे टिकेना. ते भलतीकडेच जात होतं: स्टेव्हन बुटका आहे. त्याला डोक्याकडे घातलं तर पेटी कलेल, म्हातारी एका अंगावर सरकेल. स्टेव्हनला पायाकडे घ्यायला हवं. डोक्याकडे वार्से, आणि त्याच्या समोर त्याचा भाऊ, दोघांची उंची सारखी. सहावा गिरणीतलाच कोणी बघावा लागेल, उद्या सकाळीच, म्हणजे गुरुवारपर्यंत त्याला पावलं जुळवता येतील.

त्याने वाडग्यातला शेवटचा घोट घेतला. उठला, खुर्ची होती तशी टेबलाखाली सरकवली. कोटाची शिल्लक होती ती दोन बटणं लावली. ग्राडुस पुन्हा "बोल" म्हणाला; फेनाने त्याला हाताने थांबवलं. एव्हर्ट दारापर्यंत गेला, कडी काढली आणि बाहेर पडला.